भित्री कुत्री आणि आमचे नातेवाईक

आमच्या नात्यात सध्या माझ्या कुत्रीवरून बराच काथ्याकूट चालू आहे. निवाऱ्यातून आणलेली, पाचेक वर्षांची, गावठी आणि भित्री. नाव सखू. "मावशी, चोर आला तर हीच आधी पलंगाखाली जाईल," इति भाचा. वहिनी म्हणतात, आणायचंच होतं तर खेळकर पिल्लू तरी आणायचं. आणि सगळ्यांचं मिळून एक म्हणणं, या वयात कशाला? फोनवर प्रत्येकाला वेगळं सांगून घसा दुखला, म्हणून इथे एकदाच लिहिते.

चोराचं आधी. राखणीसाठी कुलूप मिळतं, सोसायटीला वॉचमन आहे. जिवंत प्राणी घरात घ्यायचा तो कामाला यावा म्हणूनच, हा हिशेब मला पटत नाही. तोच लावला तर आपल्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या किती जणांना घरात ठेवतील, बघा बुवा!

आता पिल्लाचं. निवाऱ्यात जाळीशी येऊन शेपूट हलवणारं पहिलं उचललं जातं. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेलं तिथेच राहतं. मी ३१ वर्षं वर्गात हेच पाहिलं. गॅदरिंगला दरवर्षी तीच चार मुलं, आणि शेवटच्या बाकावरच्याचं नाव फक्त हजेरीपुरतं.

"कुणीतरी मारलं असेल बिचारीला" असंही लोक म्हणतात. असेलही. पण दरवेळी तसंच असतं असं नाही. पिल्लाची माणसांशी, आवाजांशी ओळख होण्याचा मुख्य काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. तेव्हा माणसाचा प्रेमाचा हात लागला नाही, तर पुढे प्रत्येक हात परका वाटतो. म्हणजे ती बिघडलेली नाही, शाळेत उशिरा आलेली आहे.

अशा जिवाला काय लागतं? शांतता, ठरलेल्या वेळा आणि कुणी अंगावर न येणं. आता सांगा, हे कुठे मिळणार? सकाळी डबे, संध्याकाळी क्लास, रात्री टीव्ही अशा घरात की माझ्याकडे? माझा चहा साडेसहाला, जेवण साडेअकराला, यात वर्षानुवर्षं बदल नाही. तुम्ही ज्याला कंटाळवाणं म्हणता ना, ते तिचं औषध आहे. पहिले नऊ दिवस ती दिवसा पलंगाखालून निघाली नाही. मी वाटी ठेवायची आणि तिच्याकडे पाठ करून पेपर वाचायचा. सहाव्या आठवड्यात माझ्या पायाशी येऊन झोपली. बोलावलं नव्हतं.

आणि "मला सगळी कुत्री ओळखतात" म्हणत वाकून डोक्यावर हात ठेवणारी मंडळी! ती जांभई देते, ओठ चाटते, मान फिरवते, ते झोप किंवा भूक नव्हे. "पुरे करा" म्हणते ती. गुरगुरली तर तिला दटावू नका, तुम्ही मागे सरा. गुरगुरायचं बंद करायला शिकवलंत, तर ती उद्या न सांगता चावेल.

राहिलं वय. याच कारणावरून एका निवाऱ्याने मला नकार दिला होता, त्याचा राग अजून आहे. कुत्रं दहा ते पंधरा वर्षं जगतं, हे मलाही कळतं. म्हणून तर पिल्लू आणलं नाही. माझ्यानंतर सखू भाचीकडे जाईल हे कागदावर लिहिलंय, खर्चाची रक्कमही बाजूला काढली आहे. तरुण जोडप्यांना बदलीच्या वेळी कुत्र्याचं काय करणार, असं कुणी लेखी विचारतं का?

७ नोव्हेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं इथली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा, परत तिथे न सोडण्याचा आदेश दिला. शाळेच्या आवारात कुत्री नकोत, हे मास्तरीण म्हणून मलाही मान्य. पण निवारे भरले की कोपऱ्यातल्यांना कोण विचारणार? त्यांना घ्यायला रिकामा वेळ आणि शांत घर असलेली माणसं हवीत. अशी माणसं बहुतेक म्हातारीच असतात. त्यांनाच तुम्ही "या वयात" म्हणून घरी बसवता.

असो. दिवाळीला येणार असाल तर जरूर या. बेल वाजवू नका, खालून फोन करा. तिच्याकडे टक लावून बघू नका. आणि नाशकात आलात म्हणून कौतुकाने तिला द्राक्षं किंवा बेदाणे भरवू नका, कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला ते घातक असतात. चिवड्यातला बेदाणासुद्धा नको.