‘गेली’ आणि ‘जायची’: फ्रेंच शिकताना मराठी कामी आली

दर रविवारी संध्याकाळी आमच्या घरी मॉन्ट्रियलहून व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तेव्हा सकाळ असते. माझ्या ताईची सहा वर्षांची मुलगी स्क्रीनसमोर येऊन बसते आणि इकडे आई चष्मा सावरत फोन जवळ ओढते.

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १९७७ च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून आलेल्या बहुतेक कुटुंबांतली मुलं फ्रेंच माध्यमातच शिकतात. त्यामुळे भाची फ्रेंच घडाघडा बोलते. मराठी तिला थोडं समजतं, बोलता मात्र फारच कमी येतं. आजी-नातीच्या गप्पा ‘जेवलीस का?’ इथेच संपायच्या. आई फोन ठेवायची आणि बराच वेळ गप्प बसायची.

म्हणून गेल्या वर्षी मी फ्रेंच शिकायला घेतलं. बी.ए. इंग्रजीतून झालेलं, त्यामुळे साहजिकच फ्रेंचही इंग्रजीतूनच शिकत होते. तिथेच गडबड झाली.

एका रविवारी आई म्हणाली, “तिला सांग गं, लहानपणी मी रोज पहाटे आडावर पाणी आणायला जायचे.” मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “एल एताले ओ प्वी.” भाचीने डोळे मोठे केले आणि विचारलं, “ए आप्रे?” म्हणजे, आणि मग? तिला वाटलं, आता काहीतरी घडणार. आजी आडात पडली की काय!

ताई हसत म्हणाली, “अगं, तू ‘गेली’ म्हणालीस. ‘जायची’ म्हणायला हवं होतं. एलाले ओ प्वी.”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एकदाच घडून गेलेली गोष्ट सांगायला फ्रेंचमध्ये ‘पासे कोंपोझे’ हा काळ वापरतात, आणि नेहमी घडायची ती सांगायला ‘अँपार्फे’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘वेंट’ चालून जातं, म्हणून मी गोंधळत होते. मराठीत मात्र ‘गेली’ आणि ‘जायची’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. घरात जे होतं, ते मी बाहेर शोधत होते!

तुम्हीही फ्रेंच नव्याने शिकत असाल, तर मला उपयोगी पडलेल्या या गोष्टी पाहा.

आता काय चाललंय?
वर्तमानकाळ घाबरण्यासारखा नाही. ‘बोलणे’ या क्रियापदाची रूपं पाहा: ज पार्ल (मी बोलते), त्यू पार्ल (तू बोलतोस), इल पार्ल (तो बोलतो). लिहिताना शेवट बदलतो, पण कानाला तिन्ही सारखीच लागतात. ‘ते बोलतात’ हेसुद्धा ‘इल पार्ल’च. फक्त ‘आम्ही’ला नू पार्लों आणि ‘तुम्ही’ला वू पार्ले. शिवाय ‘मी बोलते’ आणि ‘मी बोलतेय’ या दोन्हींसाठी एकच रूप पुरतं.

काल काय झालं?
आपण म्हणतो ‘तो गेला’, पण ‘त्याने खाल्लं’. एकीकडे ‘ने’ नाही, दुसरीकडे आहे. फ्रेंचमध्येही अशा दोन वाटा आहेत. खाल्लं म्हणताना ‘इल आ मांजे’, गेला म्हणताना ‘इल एताले’. जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, पडणे, जन्मणे, मरणे अशी मोजकी क्रियापदं दुसऱ्या वाटेने जातात. मराठीत त्यांना ‘ने’ लागत नाही, हे लक्षात ठेवलं की सोपं होतं. पण हा नियम उलटा लावू नका. ‘तो झोपला’ यात ‘ने’ नाही, तरी फ्रेंचमध्ये ते ‘इल आ दोर्मी’ असंच होतं.

उद्या काय करणार?
‘जाणे’चं रूप घ्या आणि पुढे मूळ क्रियापद ठेवा. ज वे मांजे, म्हणजे मी खाणार आहे. सुरुवातीला भविष्यकाळ एवढा पुरतो.

रोजचे शब्द
शब्द एकटा पाठ करू नका, त्याच्या लिंगासकट करा. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. आपलं ‘ते घर’ तिथे ‘ला मेझों’ म्हणजे स्त्रीलिंगी होतं, आणि ‘ते पुस्तक’ ‘ल लिव्र’ म्हणजे पुल्लिंगी. आपला चंद्र तर तिथे ‘ला ल्यून’, चक्क ती! तू आणि तुम्ही हा फरक मात्र आपल्यासारखाच आहे: ‘त्यू’ घरच्यांना आणि मित्रांना, ‘वू’ अनोळखी माणसांना, मोठ्यांना आणि दुकानदाराला.

शब्द कुठे वापरणार, तेही पाहा. फ्रान्समध्ये ‘देजने’ म्हणजे दुपारचं जेवण आणि ‘दिने’ म्हणजे रात्रीचं. क्यूबेकमध्ये ‘देजने’ म्हणजे सकाळची न्याहारी, ‘दिने’ दुपारचं आणि ‘सुपे’ रात्रीचं. मी फ्रान्समधले अर्थ पाठ केले होते. त्यामुळे भाचीने शाळेतल्या ‘दिने’बद्दल सांगितलं, तेव्हा मी विचारत बसले की ही पोरगी रात्री शाळेत काय करते!

आता मी रोज दहा मिनिटं एकच सराव करते. आधी मराठीत चार वाक्यं लिहायची: एक आत्ताचं, एक कालचं, एक ‘पूर्वी असं असायचं’ म्हणून आणि एक उद्याचं. मग तीच फ्रेंचमध्ये. तिसरं वाक्य आई सांगते. तिची आई भल्या पहाटे जात्यावर दळायची, शाळेला जाताना ओढा ओलांडावा लागायचा, असं काही ना काही. त्यातल्या निम्म्या गोष्टी मलाही आधी माहीत नव्हत्या.

रविवारी ती वाक्यं मी भाचीला वाचून दाखवते. चुकले की ती लगेच टोकते. गेल्या आठवड्यात ओढ्याची गोष्ट सांगून झाली आणि मी थांबले. भाची माझ्याकडे बघतच नव्हती. स्क्रीनवर आईकडे पाहत तिने मराठीत विचारलं, “आणि मग, आजी?”

त्या दिवशी कॉल चाळीस मिनिटं चालला.