तोंडाला वास येतो? आधी तपासून घ्या

हळदीकुंकवाला बोलताना पदर तोंडाशी नेणाऱ्या, चारचौघींत गप्पच राहणाऱ्या किती जणी असतात! घरातलं कुणी 'तुझ्या तोंडाला वास येतो' असं फटकन बोलून जातं आणि बाई मनातून मिटून जाते. मग लवंग-वेलदोडे सुरू होतात. 'पोट साफ नसेल' म्हणून चूर्णंही होतात. वास मात्र जात नाही.

कारण १० पैकी ८-९ जणांत त्याचं मूळ पोटात नव्हे, तोंडातच असतं. जिभेच्या मागच्या भागावरचा थर, सुजलेल्या हिरड्या, दातांच्या फटीत अडकलेलं अन्न, इथले जंतू गंधकयुक्त वायू तयार करतात. बरं, आपला वास आपल्याच नाकाला नीट कळत नाही. ओंजळीत फुंकर मारून केलेली परीक्षा भरवशाची नव्हे.

म्हणून दंतवैद्यांकडे जावं. तपासताना ते मिनिटभर तोंड मिटायला सांगतात, मग अर्ध्या वितीवरून श्वास हुंगून ० ते ५ गुण देतात. ० म्हणजे वास नाही, ५ म्हणजे असह्य. नाकाने सोडलेला श्वासही हुंगतात. वास फक्त नाकातून आला, तर नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं लागतं. दोन्हीकडून आला, तर मधुमेह, यकृत, मूत्रपिंड यांचाही विचार करतात. जिभेच्या मागचा थर चमच्याने खरवडून तोही हुंगतात. काही ठिकाणी वायू मोजायचं यंत्रही असतं.

आपण मात्र डॉक्टरांकडे जाताना दात लख्ख घासून, वेलदोडा चघळत जातो! मग त्यांना कळणार काय? आधीचे दोन दिवस कांदा-लसूण टाळा. सकाळची पहिली वेळ मागून घ्या. त्या दिवशी दात घासणं, चूळ भरणं, चहा, सुपारी, अत्तर काही नको. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपाशी जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल तर तेही सांगा.

मूळ तोंडात निघालं, तर दात-हिरड्यांची सफाई आणि रोज जिभेचा मागचा भाग हलक्या हाताने खरवडणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. आणि काही जणींना तर ० गुण मिळतात! वास नसतोच, नुसती धास्ती असते. तेही कळायला हवंच ना? नाहीतर विनाकारण तोंडावर पदर धरून वर्षं निघून जायची.