मूळव्याध, नाचणी आणि हंडाभर पाणी

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या सुजून खाली उतरल्या की मूळव्याध झाली. मल कोरडा झाला की कुंथावे लागते आणि कुंथले की दाब नेमका या गाद्यांवर येतो. त्यामुळे या दुखण्यात पहिला उपचार ताटातलाच. तंतुमय आहाराने रक्त पडणे साधारण निम्म्यावर येते, असे २००५ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसून आले. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू जायला हवेत.

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात, शेणव्यासारख्या गावात, हे तंतू शेतातून आणि रानातून येतात. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ११ ग्रॅम असतात, पॉलिश केलेल्या तांदळात तीनसुद्धा भरत नाहीत. नाचणीची भाकर, वाल आणि पावसाळ्यातला टाकळा, कुर्डू, भारंगी हे जेवण मूळव्याधीच्या पथ्यात जसेच्या तसे बसते. सकाळी चहा-खारी, दुपारी नाक्यावरचा वडापाव आणि रात्री नुसता भात-सुकट अशी सवय लागली, की तंतू पुरेसे मिळत नाहीत.

आयुर्वेदाने मूळव्याधीवर सुरण आणि ताक सांगितले आहे. सुरण खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून चिरताना हाताला तेल लावतात आणि फोडी चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात उकडतात. त्याच कुळातल्या शेवळांच्या भाजीत आंबट काकडं घालतात तीही यासाठीच.

पण तंतूंना पाणी लागते. पाणी शोषून ते फुगतात, तेव्हाच मल मऊ राहतो. पाणी कमी पडले तर उलट पोट जड होते, आणि इसबगोल कमी पाण्यात घेतले तर ते घशात किंवा आतड्यात अडकूही शकते. खरी अडचण इथेच आहे. शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे. मोडक सागर आणि भातसाही मुंबईची तहान भागवतात. धरणांच्या याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बाया टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. दोन हंड्यांत स्वयंपाक, गुरे आणि धुणीभांडी उरकायची असतील, तर पिण्याच्या पाण्यालाच आधी कात्री लागते. त्यातही घरातली बाई सगळ्यांत शेवटी पिते. जिथे आडोशाचा संडास नाही, तिथे दिवसा जायला लागू नये म्हणून ती पाणी मुद्दाम कमी पिते आणि शौचाची कळ दाबून धरते. कळ दाबली की मल आतच सुकतो. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अगदी बरोबर आहे, पण तो पाळता यावा यासाठी पाड्यावर नळ आणि वापरता येणारा संडास असायला हवा. मूळव्याधीच्या पथ्यात या दोन्ही गोष्टी नाचणीच्या बरोबरीने मोजल्या पाहिजेत.

तंतू एकदम वाढवले तर पोट फुगते, म्हणून आठवड्याला थोडे थोडे वाढवावेत. जेवणात पातळ ताक, कढण किंवा आमटी असली की तेवढेच पाणी पोटात जाते. मिरचीने मूळव्याध होत नाही, पण आधीच झोंबत असेल तर ती जास्त झोंबते. कळ आली की लगेच जावे, संडासात फार वेळ बसून राहू नये, कुंथू नये. मात्र शौचातून रक्त पडले की ते मूळव्याधीचेच समजून घरी पथ्य करत राहणे धोक्याचे आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. विशेषतः पंचेचाळिशीनंतर, वजन घटत असेल किंवा शौचाची सवय बदलली असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.