सही खरी की खोटी, पाहायचे कोणी?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारावर पक्षाची अधिकृत मोहोर उमटते ती राष्ट्रीय अधिवेशनात, तिथे जमलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी. इलिनॉय, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत हे प्रतिनिधीही मतपत्रिकेवरून निवडले जातात. त्यासाठी आधी मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. पेनसिल्व्हेनियात 250 सह्या लागतात, त्याही त्याच मतदारसंघातल्या, त्याच पक्षाकडे नोंद असलेल्या मतदारांच्या.

आता या सह्या तपासायच्या कोणी? इलिनॉयमध्ये अर्ज वरवर नियमाला धरून दिसला की तो वैध मानतात. पाच कामकाजाच्या दिवसांत कोणी हरकत घेतली, तरच एकेक ओळ मतदार नोंदीशी ताडून पाहिली जाते: पत्ता तोच का, मतदारसंघ तोच का, सहीचे वळण जुळते का. म्हणजे तपासणीचे काम प्रत्यक्षात प्रतिस्पर्ध्याकडे सोपवलेले. 1996 मध्ये शिकागोत बराक ओबामा राज्य सिनेटसाठी पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा त्यांच्या कार्यकर्त्यांनी इतरांच्या सह्यांवर हरकती घेतल्या आणि प्रायमरीत ते एकटेच उरले. सगळे कायदेशीर होते. पण ज्याला तगडा विरोधक नाही त्याच्या बनावट सह्या खपून जातात आणि ज्याच्यामागे वकील लागतात त्याच्या किरकोळ चुकाही महाग पडतात, हा न्याय विचित्रच.

सरकारी यंत्रणेने मनावर घेतले तर काय निघते, ते मिशिगनमध्ये 2022 साली दिसले. सह्या गोळा करणाऱ्या 36 जणांनी दहा उमेदवारांच्या अर्जांत मिळून किमान 68,000 अवैध सह्या भरल्याचे निवडणूक विभागाला आढळले. राज्यपालपदाचे पाच रिपब्लिकन इच्छुक बाद झाले. पैसे देऊन माणसे लावली की असे घडायचेच. आणि पैसे देण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच ठरवले आहे.

आपल्याकडे अपक्षाला दहा आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक लागतो. सही खरी नसेल तर छाननीत अर्ज फेटाळता येतो. 2024 मध्ये सुरतेत काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी ‘सह्या आमच्या नाहीत’ असे लिहून दिले आणि अर्ज बाद झाला. बाकीच्यांनी माघार घेतली, भाजपचा उमेदवार बिनविरोध आला, आणि सुरतेच्या मतदाराला मत द्यायची वेळच आली नाही.

तेव्हा छाननी सैल करा असे कोणी म्हणणार नाही. मात्र ती निवडणूक कार्यालयाने स्वतःहून करावी, सर्वांची करावी, हरकतीची वाट पाहू नये. नोंदणीच्या वेळची वीस वर्षांपूर्वीची सही आणि आज फुटपाथवर उभ्या उभ्या केलेली सही वेगळी दिसणारच. केवळ वळण जुळत नाही म्हणून नाव खोडण्याआधी त्या मतदाराला विचारावे. कर्मचाऱ्यांवर भार वाढेल हे खरे, पण 250 नावांच्या अर्जाला हे कारण पुरेसे वाटत नाही.