श्वास दिसला, काका नाही दिसले!

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या. मागच्या रविवारी आम्ही चौघं वर्सोव्याहून बोरिवली आणि पुढे बोटीने खाडी ओलांडून गोराईच्या विपश्यना पॅगोडाला गेलो. २००९ साली उद्घाटन झालेला, एकही खांब नसलेला घुमट. ८,००० माणसं एकदम ध्यानाला बसतील एवढा! सिव्हिलवाले एकमेकांत अडकवलेले दगड बघत राहिले. मी आनापान केलं, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. मस्त शांत वाटलं.

त्याच रात्री भात गार म्हणून मी मेसच्या काकांवर ओरडलो. ते तापाने फणफणले होते, हे रूममेटने नंतर सांगितलं. श्वास दिसला, पण समोरचा माणूस दिसला नाही!

विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिरात शेवटी मंगल मैत्री शिकवतात, सगळ्यांचं भलं चिंतायला. ते उगाच नाही. माझ्या मते डोळे मिटून बसणं ही थिअरी, करुणा हे प्रॅक्टिकल. आणि आपलं प्रॅक्टिकल रोज मेसच्या रांगेत असतं.

दुसऱ्या दिवशी काकांची माफी मागितली. ते हसले, "अरे बाळा, भात खरंच गार होता."