न तोडलेली भेंडी

मे महिना लागला की आमच्या इंदूरात बोलण्याचे दोनच विषय उरतात. नळ कधी येणार आणि नौतपा कसा जाणार. नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून चढून आमच्यापर्यंत येतं, तेही एक दिवसाआड. आणि नौतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरचे पहिले नऊ दिवस, साधारण २५ मे ते २ जून. हे नऊ दिवस जितके तापतील तितका पुढे पाऊस चांगला, असं आमच्या माळव्यात म्हणतात. आमच्या टोमॅटोला मात्र हे कुणी सांगितलेलं नसावं. एप्रिल संपता संपता तो फुलं गाळतो आणि रुसून बसतो.

जुन्या वाचकांना आमचा प्लॉट माहीत आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगते. कॉलनीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट आहे. मालक परदेशी असतात. त्यांच्या परवानगीने आम्ही नऊ घरांनी तिथे नऊ पट्टे पाडून घेतले आहेत. प्रत्येकाचे आपापले वाफे, आपापलं बी. बोअरिंग आणि खताचा खड्डा तेवढा सामाईक. पहिल्याच वर्षी कोथिंबिरीच्या एका जुडीवरून दोन घरांत दीड महिना अबोला झाला होता. तेव्हा सर्वांनी मिळून एक नियम केला आणि पत्र्यावर रंगवून नळापाशी लावला, ‘दुसऱ्याच्या वाफ्याला हात लावू नये.’ आजची गोष्ट या नियमाचीच आहे. पण त्याआधी या महिन्याची कामं.

या उन्हात टिकणारी मंडळी मोजकीच. भेंडी, गवार, चवळी, गिलकी, दोडका, दुधी, आणि पालेभाज्यांत माठ. पालक या दिवसांत लावूच नका, पानं होण्याआधी तुरा येतो. पाणी सकाळी सातच्या आत द्यावं आणि रोज शिंतोडे उडवण्यापेक्षा एक दिवसाआड पोटभर द्यावं, म्हणजे मुळं खाली जातात. आमची काळी माती सुकली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्या भेगांत मुळं तुटतात. म्हणून बुंध्याभोवती गव्हाचा भुसा किंवा वाळलेला पाला चार बोटं जाड पसरावा. वेलांच्या आळ्यात मातीचं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवलं, ते भरून वर झाकण घातलं, तर दोन दिवस ओल राहते. फक्त मडकं रंग दिलेलं नको, झिरपणारं हवं.

वेलाला फुलं येतात पण फळ धरत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. मधमाश्या उन्हाने कमी झाल्या की आपणच त्यांचं काम करावं. नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावायचा. ज्या फुलामागे बारीकसं फळ दिसतं ते मादी. एवढंच लक्षात ठेवा की गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, तर दोडक्याचं आणि दुधीचं संध्याकाळी. दोडक्याकडे सकाळी दहाला जाऊन उपयोग नाही.

आता तोडणी. नव्या माणसाला वाटतं, लावणं आणि पाणी घालणं ही मेहनत, तोडणं म्हणजे नुसती मजा. तसं नाही. भेंडीचं फूल एकच दिवस उमलतं आणि त्यानंतर पाच-सहा दिवसांत शेंग तोडण्याजोगी होते. तेव्हा एक दिवसाआड कात्री घेऊन फिरावंच लागतं. टोक वाकवल्यावर कट्‌ असा आवाज होऊन मोडलं तर भेंडी कोवळी. नुसतं वाकलं तर उशीर झाला. अशा पाच-सात जून शेंगा झाडावर राहिल्या की झाड सगळा जीव त्यांच्यातल्या बियांत घालतं आणि नवी फुलं काढणं थांबवतं. गवारीचं आणि गिलक्याचंही थोडंफार हेच. तोडाल तर लागेल. हे मला पुस्तकातून माहीत होतं. समजलं मात्र गेल्या वर्षी.

माझ्या पट्ट्याला लागून काकांचा पट्टा आहे. वय अठ्ठ्याहत्तर, गिरणीत नोकरी केलेली, काकू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. काका दुसरं काही फारसं लावत नाहीत. मार्चच्या सुरुवातीला भेंडीच्या चार ओळी लावतात आणि मे महिन्यात एक दिवसाआड वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून कॉलनीत वाटतात. एकट्या माणसाला किती भेंडी लागणार? काकू असताना पुड्या त्या बांधत, काका नुसते तोडून आणत. आता दोन्ही कामं काका करतात.

गेल्या मेच्या मध्यावर ते बाथरूममध्ये घसरले. खुब्याला मार बसला, हाड वाचलं, पण अकरा दिवस इस्पितळात काढावे लागले. मुलगा पुण्याहून आला. मी त्याला म्हटलं, “वाफ्याची काळजी करू नकोस, मी आहे.” आणि मी खरंच होते. अकरा दिवस रोज सकाळी माझ्याआधी त्यांच्या ओळींना पाणी दिलं. भुसा सरकला होता तो सारखा केला. एका झाडाच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या होत्या, हळद्याची सुरुवात. पांढरी माशी तो रोग पसरवते, म्हणून ते झाड उपटून लांब नेऊन टाकलं. एवढं सगळं केलं.

भेंडी मात्र तोडली नाही.

रोज दिसत होती. पहिल्या दोन दिवसांत बोटभर, मग वीतभर, मग शिंगासारखी वाकडी. रोज मनात यायचं, तोडावी का? मग नळापाशी पत्रा दिसायचा. शेजारच्या पट्ट्यातल्या वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “नको बाई, उगाच कुणी म्हणायचं, म्हातारा तिकडे पडलाय आणि या इकडे भेंडी नेतायत.” मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर नियमापेक्षा मला लोकांच्या बोलण्याची भीती जास्त होती.

काका घरी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी काठी टेकत प्लॉटवर आले. नौतपा सुरू झाला होता. ओळींत माझ्या खांद्याएवढी हिरवीगार झाडं उभी होती, आणि सबंध चार ओळींत मिळून फुलं जेमतेम तीन. त्यांनी एक शेंग वाकवून पाहिली. ती लाकडासारखी झाली होती.

“पाणी तू घातलंस?”

“हो काका, रोज.”

“मग तोडली का नाहीस गं?”

मी पत्र्याकडे बोट दाखवलं. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अगं, तो चोरासाठी आहे. तू का चोर आहेस?” आणि मग, माझ्याकडे न बघता, “इस्पितळात रोज दुधीची पाणीदार भाजी. मला वाटायचं, आज कुणीतरी डब्यात भेंडी घालून आणेल. आपल्या वाफ्यातली.”

मला काय बोलावं ते सुचेना. अकरा दिवसांत मी इस्पितळात दोनदा जाऊन आले होते. एकदा बिस्किटं नेली, एकदा बाजारातली मोसंबी.

काका रागावून बसणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी खुर्ची मागवली, सावलीत बसले आणि मला कामाला लावलं. सगळ्या जून शेंगा काढायच्या. झाडं जमिनीपासून फूटभर ठेवून वरून कापायची, खाली दोन-तीन डोळे राहतील अशी. मग बुंध्याला घमेलंभर खत, वर पाणी, वर भुसा. खत आमच्या खड्ड्यातलंच. थरावर थर रचून आणि ढीग वरखाली करून खत करण्याच्या या रीतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती इथल्याच संस्थेत बसवली आणि १९३१ साली यशवंत वाड यांच्यासह तिच्यावर पुस्तक लिहिलं. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. काका हे दर वर्षी सांगतात, त्या दिवशीही सांगितलं. मला बरं वाटलं, कारण त्याचा अर्थ विषय बदलला होता.

दोन झाडं मात्र त्यांनी कापू दिली नाहीत. “त्यांच्या शेंगा वाळू देत. चूक झालीच आहे, तर बी तरी धरू.” त्यांची भेंडी परभणी क्रांती, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वाण. हळद्यापुढे बराच तग धरतो आणि संकरित नसल्यामुळे घरचं बी धरता येतं. संकरित पाकिटातल्या भेंडीचं बी धरू नका, पुढच्या वर्षी झाडं सारखी निघत नाहीत.

कापलेल्या झाडांना आठवड्याभरात फुटवे आले. पुढे तिसऱ्या आठवड्यात, पहिला पाऊस पडून गेल्यावर, फुलं दिसली. पहिली तोडणी पसाभर निघाली. मी ती चिरली, लसूण-मिरचीवर परतली आणि डबा घेऊन काकांकडे गेले. त्यांनी उघडून वास घेतला आणि म्हणाले, “काकू दाण्याचं कूट घालायची.” पुढच्या खेपेला घातलं.

पत्रा आम्ही काढला नाही. कोथिंबिरीचा अबोला सगळ्यांच्या लक्षात आहे. पण जूनच्या बैठकीत त्याखाली एक ओळ वाढवली, ‘दोन दिवस कुणी दिसले नाही, तर शेजाऱ्याने तोडावे आणि घरी नेऊन द्यावे.’ घरी नेऊन द्यावे हे शब्द काकांनी मुद्दाम घालायला लावले. कुणाचा माल कुठे गेला याचा हिशेब त्यामुळे राहतो, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मला वाटतं, त्यांच्या मनात डबा होता.

त्या दोन झाडांचं बी वाळवून काकांनी राखेत घोळवून ठेवलं. या मार्चमध्ये नऊही पट्ट्यांना मूठ-मूठ वाटलं. सध्या सगळीकडे तीच भेंडी लागली आहे, आणि लग्नसराईमुळे कुणी ना कुणी गावाला गेलेलंच असतं. त्यामुळे सकाळी कात्री घेऊन निघाले की आपले वाफे सोडून आणखी दोन घरांची तोडणी अंगावर येते. भेंडीच्या लवेने हात खाजतात, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालून जा.

तुमच्या गच्चीत, परसात, कुंडीत भेंडी असेल तर आज संध्याकाळी एक फेरी मारा. आणि शेजारचं दार दोन दिवस बंद दिसलं, तर त्यांच्या कुंड्यांना पाणी घालून थांबू नका.

पुढच्या अंकात मृगाची पेरणी.