ग्रिलमधले टोमॅटो



पाऊस परतला आणि ऑक्टोबरचं ऊन चटके देऊ लागलं, की आमच्या घरी रंगाचे रिकामे डबे धुवायला निघतात. 20 लिटरचे. त्यांत थंडीचे टोमॅटो लावायचे असतात. मागे या पानावर मी त्याचा नुसता उल्लेख केला होता, तर बऱ्याच जणींनी विचारलं, "फुलं भरपूर येतात, फळ धरत नाही, काय करावं?" पहिल्या वर्षी आमचंही हेच झालं होतं. म्हणून तीच हकीगत सांगते.

दूधनाक्याजवळचं जुनं घर सोडून आम्ही चौथ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा सर्वांत जास्त हाल माझ्या सासूबाईंचे झाले. जुन्या घरामागे थोडी मोकळी जागा होती. अळू, शेवगा, कढीपत्ता, आणि अम्मींचा निम्मा दिवस तिथेच. इथे आल्यावर त्या खोलीतून बाहेर येईनात. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. एक दिवस यांनी टोमॅटोची सहा रोपं आणून दिली. अम्मींनी ती डब्यांत लावली, किचनच्या बॉक्स ग्रिलमध्ये ठेवली, रोज पाणी घातलं. डिसेंबरात पिवळी फुलं आली आणि आठवडाभरात देठासकट गळून पडली. एकही फळ नाही. अम्मी म्हणाल्या, "दुल्हन, माझ्या हाताला आता बरकत राहिली नाही."

शेजारच्या आपांनी थंडीवर खापर फोडलं. पण कल्याणच्या थंडीला टोमॅटो घाबरत नाही. या झाडाला रात्री 15 ते 20 अंश मानवतं, आणि आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बहुतेक तेवढ्याच असतात. युरोपात थंडीतला टोमॅटो काचघर तापवून, वर दिवे लावून पिकवावा लागतो. आपल्याला तर हाच त्याचा खरा हंगाम आहे. बिघडलं होतं ते दुसरंच.

डेंग्यूच्या भीतीने आम्ही ग्रिलला आतून-बाहेरून डासांची जाळी ठोकली होती. टोमॅटोचं फूल नर-मादी दोन्ही असतं, त्याला दुसऱ्या झाडाची गरज नाही. पण फुलाच्या मधोमध जी पिवळी नळी दिसते, तिच्या आत पराग बंद असतो. मिठाची डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसं फूल हलल्याशिवाय तो खाली पडत नाही. शेतात हे काम वारा करतो, नाहीतर मोठा काळा भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो, त्या थरथरीने होतं. मधमाशीला ती थरथर जमत नाही. आमच्या जाळीने डास अडवले, भुंगाही अडवला आणि वाराही.

हॉलंड-बेल्जियमच्या काचघरांतही हीच अडचण होती. तिथले कामगार हातात थरथरणारं यंत्र घेऊन एकेका घोसाला लावत फिरायचे. 1987 च्या सुमारास बेल्जियममध्ये याच कामासाठी पाळलेल्या भुंग्यांची विक्री सुरू झाली, तेव्हा कुठे ते काम सुटलं. आपल्याला यंत्र नको, भुंगाही नको. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, फूल कोरडं असताना, घोसाच्या देठाला मागून पेन्सिलीने तीन-चार टिचक्या मारायच्या. एक दिवसाआड. बस्स.

हे अम्मींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी थट्टा करते आहे. तरी जानेवारीत उरलेल्या फुलांना टिचक्या मारल्या. दहा-बारा दिवसांनी मला हाक मारली. वाळक्या फुलाच्या मागे वाटाण्याएवढी हिरवी गोळी होती. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून चहा मागितला.

आता उन्हाचं. टोमॅटोला निदान सहा तास थेट ऊन हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून दक्षिणेची खिडकी धरा. उन्हाळ्यात जिथे ऊन फिरकत नाही, तीच खिडकी डिसेंबरात भरून जाते. आमच्याकडे जूनमध्ये जोहरच्या वेळी खोलीत सावली असते, डिसेंबरात ऊन थेट मुसल्ल्यावर येतं. अम्मींनी त्या रेघेवरून डब्यांच्या जागा ठरवल्या. उत्तरेची खिडकी असेल तर टोमॅटोच्या नादी लागू नका, पुदिना लावा.

डब्याला खाली पाच-सहा भोकं, आत लाल माती, शेणखत आणि कोकोपीट सारखं. एका डब्यात एकच रोप, आणि ते निम्म्या देठापर्यंत मातीत पुरायचं, देठालाही मुळं फुटतात. भरलेला ओला डबा 20 किलोच्या पुढे जातो, तेव्हा सहा डबे एकाच ग्रिलवर ठेवू नका. खाली ताट ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून भांडण होतं (आमचं झालं). वजूचं पाणी आम्ही टबात धरतो आणि तेच घालतो, साबण नसल्याने चालतं. पण रोज सारखं घाला. दोन दिवस कोरडं आणि मग बदाबदा, असं झालं की फळाचं बूड काळं पडतं. त्यावर अंड्याची टरफलं टाकायला सांगतात. टरफल विरघळायला महिनोन्‌महिने लागतात, तोवर हंगाम संपतो. पाणी नियमित करा, पुढची फळं चांगली येतात. पानं मुरडून बारीक झाली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला रोग. त्याला औषध नाही, रोप उपटून टाका.

पैसे वाचतील म्हणून हे करू नका. आपले टोमॅटो पिकतात तेव्हा नारायणगाव, पिंपळगावचा मालही बाजारात असतो आणि भाव उतरलेले असतात. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये किलोला दोनशेच्या वर मोजावे लागले, पण तेव्हा पावसात ग्रिलमध्ये ऊनच नसतं. गेल्या वर्षी आमच्या सहा झाडांना मिळून साताठ किलो आले. खत-मातीचा हिशेब मी केला नाही.

येता रमजान फेब्रुवारीत आहे. आत्ता तयार रोपं लावलीत तर इफ्तारच्या कचुंबरला घरचे टोमॅटो असतील. मार्चमध्ये पारा 35 च्या वर गेला की नवी फळं धरत नाहीत, मग टिचक्या मारूनही उपयोग नाही.

यंदा आमची वेगळी चिंता आहे. समोर दक्षिणेला नवी इमारत उभी राहते आहे, सातवा स्लॅब पडला. अम्मी रोज जोहरनंतर फरशीवर खडूने उन्हाची रेघ ओढतात आणि कालच्या रेघेशी ताडून बघतात. परवा म्हणाल्या, दोन डबे गच्चीवर नेऊन ठेवू, जिना मी चढेन.